हा पेशंट कोणाचा?

म्हातारपणी खुबा मोडायला मोठा अपघात लागत नाही. रात्री लघवीला उठताना पायपुसण्यात अडकलेलं पाऊल, न्हाणीघरातली ओली फरशी, खाटेवरून झटकन उठल्यावर आलेली भोवळ, एवढं पुरतं. उभ्या माणसाच्या उंचीवरून पडून हाड मोडलं, तर ते आधीच ठिसूळ झालेलं होतं असं वैद्यकशास्त्र धरून चालतं. हरयाणातल्या रोहतक जिल्ह्यात २००९ साली अशा रुग्णांची मोजदाद झाली होती. पन्नाशीपुढच्या दर एक लाख बायकांमागे वर्षाला १५९ आणि पुरुषांमागे १०५ जणांचा खुबा मोडतो, असं त्यात दिसलं. पुरुषांचा आकडा पाहून अनेकांना आश्चर्य वाटतं, कारण हाडांचा ठिसूळपणा हा फक्त बायकांचा आजार अशी आपली समजूत असते.

या प्रकरणात हाडाबद्दल कमी आणि हाड मोडल्यानंतरच्या चार-पाच दिवसांबद्दल जास्त लिहायचं आहे. मोडलेलं हाड जोडणं हे आज अवघड काम राहिलेलं नाही. अनुभवी सर्जनला त्यासाठी तास-दीड तास लागतो. तरीही पाश्चात्त्य देशांतली आकडेवारी सांगते की खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक तरी वर्षभरात दगावतो, आणि वाचलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. फुप्फुसं, मूत्रमार्ग, मेंदू, पाठीची कातडी, मांडीचे स्नायू, यांपैकी काहीतरी आधी कोलमडतं. हाड एका डॉक्टरच्या ताब्यात असतं. बाकीचं सगळं कोणाच्या ताब्यात, हा या प्रकरणाचा प्रश्न.

तो पाहायला बंगळुरूच्या सर्जापूर रोडसारखी जागा नाही. कोरमंगलाच्या बाजूने निघून हा रस्ता अगरा, इब्बलूर, कैकोंड्रहळ्ळी, दोम्मसंद्र असा सर्जापूर गावापर्यंत जातो. विप्रोचं मुख्यालय याच रस्त्यावर आहे. पूर्वी जिथे शेतं आणि तळी होती तिथे आता गृहसंकुलं आहेत आणि उरलेली तळी त्यांच्या मधे दबून आहेत. या संकुलांमध्ये पुण्या-नाशिकची, कोल्हापूर-नागपूरची मुलं-मुली स्थिरावली, आणि त्यांच्यामागून त्यांचे आईवडील आले. काही कायमचे, बरेचसे सहा महिने इथे आणि सहा महिने तिकडे. फॅमिली डॉक्टर पुण्यात, जुन्या तपासण्यांची फाइल पुण्यातल्या कपाटात, गोळ्या इथल्या डब्यात आणि त्या कशासाठी आहेत हे फक्त आईला ठाऊक. आई पडली की ती माहितीही तिच्याबरोबर पडते.

एक नमुना घेऊ. माणसं काल्पनिक आहेत, घटनांचा क्रम मात्र रोजचा आहे. ७८ वर्षांच्या आजी, मधुमेह आणि रक्तदाब जुना, काही वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसलेला आणि तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल चालू. शनिवारी पहाटे न्हाणीघराच्या दारात पडल्या. पाय उचलता येत नाही. नीट पाहिलं तर तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं आहे. हे चित्र दिसलं की एक्स-रे निघायच्या आधीच निदान जवळपास पक्कं होतं. अशा वेळी त्यांना उभं करून पाहू नये, पाय ओढू नये, तेल लावून चोळू तर मुळीच नये.

आपल्याकडे हाडवैद्य आहेत, तसं दक्षिणेत ‘पुत्तूर कट्टू’चं प्रस्थ आहे. आंध्रातल्या पुत्तूर गावच्या हाडवैद्यांचं हे घराणं, आणि त्यांच्या नावाच्या पाट्या बंगळुरूतही जागोजागी लागलेल्या दिसतात. मनगट-घोट्याच्या साध्या मोडीला पट्टी बांधून बरं वाटलेली माणसं भेटतात, म्हणून खुब्यालाही पट्टीच बांधून आणतात. पण मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि त्याखालची मान यांना होणारा रक्तपुरवठा नाजूक असतो. मानेतून हाड मोडून सरकलं की गोळ्याचं रक्त तुटतं. मग बाहेरून कितीही घट्ट बांधलं तरी तो भाग जगेलच असं नाही. त्या आठ-दहा दिवसांत पाठीला जखमा होतात त्या वेगळ्याच.

आपल्या आजी सुदैवाने तासाभरात रुग्णालयात पोचल्या. ऑर्थोपेडिक सर्जननी एक्स-रे पाहिला, ऑपरेशन लागेल म्हणाले, आणि पुढचं वाक्य आलं: ‘फिजिशियनचं फिटनेस घ्या.’ फिजिशियन दुपारी आले. सोडियम थोडं कमी होतं, म्हणून ते दुरुस्त होऊ दे म्हणाले, आणि स्टेंट असल्यामुळे हृदयरोगतज्ज्ञांचं मत मागितलं. ते रविवारी नसतात. सोमवारी त्यांनी टूडी इको करून घेतला आणि क्लोपिडोग्रेल पाच दिवस बंद ठेवायला सांगितलं. भूलतज्ज्ञांनी आयसीयूमध्ये बेड राखून ठेवल्याशिवाय केस घेणार नाही असं कळवलं. दरम्यान विम्याच्या कॅशलेसची मंजुरी इम्प्लांटच्या किमतीपाशी अडकली. अमेरिकेतला मुलगा मंगळवारी पोचणार, तोवर थांबू असं घरच्यांचंही म्हणणं पडलं. ऑपरेशन गुरुवारी झालं. तोवर आजींना खोकला झाला होता, लघवीची नळी घातली होती, आणि बुधवारी रात्री त्या सुनेला ओळखत नव्हत्या.

या साखळीत कोणी निष्काळजी नाही, ही यातली खरी अडचण. प्रत्येकाने आपल्या शाखेच्या पुस्तकाप्रमाणे योग्य तेच सांगितलं. पाच दिवस मात्र कोणीच मोजत नव्हतं.

‘फिटनेस’ या आपल्या रुग्णालयांतल्या आवडत्या शब्दामागची कल्पनाच मला चुकीची वाटते. मोतीबिंदूचं किंवा गुडघा बदलण्याचं ऑपरेशन ठरवून करता येतं, तिथे माणूस आधी तंदुरुस्त होऊ दे म्हणणं रास्त आहे. मोडलेल्या खुब्याची म्हातारी उद्या आजच्यापेक्षा तंदुरुस्त असणार नाही. ती आडवी आहे, वेदनेत आहे, खात नाही, खोल श्वास घेत नाही. तिच्यासाठी ऑपरेशन हाच वेदनाशमनाचा आणि तंदुरुस्तीकडे जाण्याचा पहिला उपाय आहे. थांबायला लावणारी खरी कारणं असतात, पण ती थोडी आहेत: रक्त फार कमी असणं, क्षार फार बिघडलेले असणं, आटोक्यात नसलेलं हृदय किंवा साखर, छातीतला ताजा संसर्ग, शरीरातलं पाणी आटणं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०११ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या कारणांची यादी आहे. ती शोधून लगेच दुरुस्त करा आणि दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करा, असं तिथे म्हटलं आहे. ही यादी ऑपरेशन लवकर व्हावं म्हणून केलेली आहे. आपल्याकडे तशाच याद्या ते पुढे ढकलायला वापरल्या जातात.

क्लोपिडोग्रेलचंच पाहा. या गोळीसाठी खुब्याचं ऑपरेशन लांबवू नये, हे आता बहुतेक तज्ज्ञसंस्थांचं मत आहे. पाठीतून भूल देण्याची जोखीम वाटत असेल तर पूर्ण भूल देता येते. पूर्ण भूल दिली तर म्हातारं माणूस उठणार नाही, ही भीतीही अभ्यासाने बरीच मोडीत काढली आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रीगेन’ या उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासात खुबा मोडलेल्या १६०० रुग्णांची दोन्ही पद्धतींनी तुलना झाली, आणि साठ दिवसांनी जगण्यात किंवा चालण्यात फरक दिसला नाही. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीचा परिणाम जीवनसत्त्व ‘के’ देऊन उतरवता येतो. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांसाठी मात्र किडनीचं काम पाहून एखादा दिवस थांबावं लागतं. हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात एकाच वेळी असेल, तर निर्णय पहिल्या संध्याकाळीच होतो.

घाई किती करावी, यालाही मर्यादा आहे. ‘हिप अटॅक’ नावाचा मोठा अभ्यास २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. १७ देशांतली ६९ रुग्णालयं, २९७० रुग्ण. त्यात भारतातली रुग्णालयंही होती आणि पुण्याचे डॉ. पराग संचेती त्याच्या लेखकांपैकी एक आहेत. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर सरासरी सहा तासांत झालं, दुसऱ्याचं चोवीस तासांत. नव्वद दिवसांतल्या मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. मात्र लवकर ऑपरेशन झालेल्यांना भ्रम कमी झाला, मूत्रमार्गाचा संसर्ग कमी झाला, ते लवकर उभे राहिले आणि लवकर घरी गेले. म्हणजे सहा तासांचा हट्ट नको. पण या अभ्यासात ‘उशिरा’च्या गटाला लागलेला वेळ चोवीस तास होता, आणि आपल्या आजींना पाच दिवस लागले, हे लक्षात ठेवावं.

या विखुरलेल्या जबाबदारीवरचा उपाय ब्रिटनमध्ये कित्येक दशकांपूर्वीच सापडला होता, आणि तो सापडला तो सर्वांत दुर्लक्षित वॉर्डांमध्ये. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे १९३५ साली शेजारच्या अनाथ-निराधारांच्या दवाखान्यातले ७१४ रुग्ण सोपवण्यात आले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले, निदानसुद्धा न झालेले. डॉ. मार्जरी वॉरन यांनी त्यांना एकेक करून तपासलं, उठवलं, चालवलं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना घरी पाठवलं. वृद्धवैद्यक या शाखेची सुरुवात तिथून मानतात. पुढे हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावात, जिथे निवृत्त लोकांचीच वस्ती जास्त, मायकेल डेव्हस हे अस्थिशल्यविशारद आणि बॉबी अर्व्हाइन हे वृद्धवैद्यकाचे डॉक्टर एकत्र आले. दोघे मिळून एकाच वॉर्डातून राउंड घ्यायला लागले. सर्जनने हाड पाहायचं, अर्व्हाइन यांनी बाकी माणूस, आणि म्हातारीला ऑपरेशननंतर लगेच पायावर उभं करायचं. ऑर्थोजेरिएट्रिक्स म्हणून आज जी शाखा ओळखली जाते तिचं मूळ या साध्या व्यवस्थेत आहे.

अर्थात दोन भले डॉक्टर एकत्र आले म्हणून देशभर पद्धत बदलत नाही. ब्रिटनमध्ये ती बदलली ती नोंदवही आणि पैसा यांच्या जोरावर. २००७ साली खुबा मोडलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद करणारी राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली: केव्हा आला, किती तासांनी ऑपरेशन झालं, वृद्धवैद्यकाच्या डॉक्टरने केव्हा पाहिलं, महिन्याने जिवंत आहे का. प्रत्येक रुग्णालयाचे आकडे उघड. २०१० पासून त्याला पैशाची जोड मिळाली. छत्तीस तासांत ऑपरेशन, ७२ तासांत वृद्धवैद्यकाची तपासणी, दोन्ही विभागांची सामाईक जबाबदारी, पुन्हा पडू नये म्हणून आणि हाडांसाठी उपचार, अशा अटी पुऱ्या केल्या तरच त्या रुग्णामागे रुग्णालयाला जास्तीची रक्कम मिळते. एक अट चुकली तर ती पूर्ण रक्कम जाते. इंग्लंडमध्ये महिन्याभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण २००७ मध्ये १०.९ टक्के होतं, ते २०११ पर्यंत ८.५ टक्क्यांवर आलं. नवं औषध निघालं नव्हतं, नवं यंत्रही नव्हतं. जपाननेही २०२२ साली पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांचं ऑपरेशन ४८ तासांत केल्यास विम्यातून वाढीव शुल्क द्यायला सुरुवात केली.

दाखल होण्यापासून घरी जाईपर्यंत रुग्ण वृद्धवैद्यकाच्याच वॉर्डात ठेवला तर काय होतं, हे नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या डॉक्टरांनी पाहिलं. ३९७ रुग्णांतल्या निम्म्यांना नेहमीच्या ऑर्थोपेडिक वॉर्डात आणि निम्म्यांना या वॉर्डात ठेवलं. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. चार महिन्यांनी दुसऱ्या गटातले लोक जास्त चांगले चालत होते. शस्त्रक्रिया दोन्हीकडे सारखीच झाली होती.

भ्रमाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण घरचे सर्वांत जास्त घाबरतात ते त्याला आणि वॉर्डात सर्वांत कमी लक्ष दिलं जातं तेही त्याच्याकडेच. काल संध्याकाळपर्यंत नातवाशी बोलणारी आजी रात्री हवेत हात फिरवते, सलाइन उपटते, मेलेल्या बहिणीला हाका मारते. किंवा याच्या उलट, अगदी गप्प पडून राहते. गप्प भ्रम तर कोणाच्या लक्षातच येत नाही, उलट ‘आज शांत झोपल्या’ अशी नोंद होते. घरचे म्हणतात, वेड लागलं. हे वेड नाही आणि विस्मरणाचा आजारही नाही. वेदना, संसर्ग, बद्धकोष्ठ, अडलेली लघवी, पाण्याची कमतरता, झोपेच्या गोळ्या, अनोळखी जागा, यांच्या एकत्र माऱ्याने मेंदू तात्पुरता कोलमडतो. कारणं काढली की भ्रम बहुतेकदा उतरतो. अमेरिकेत डॉ. एडवर्ड मार्कांटोनिओ यांनी २००१ साली दाखवलं की वृद्धवैद्यकाचा डॉक्टर पहिल्यापासून रोज रुग्णाला पाहत राहिला, तर खुबा मोडलेल्यांतलं भ्रमाचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर येतं. तो डॉक्टर करायचा काय? ऑक्सिजन, क्षार, रक्त पाहायचा, नको त्या गोळ्या बंद करायचा, लघवीची नळी काढायला लावायचा, वेदना मोजायचा, पोट साफ होतंय का विचारायचा. चकित करणारं त्यात काही नाही. ते रोज आणि ठरवून होत होतं, इतकंच.

आता ही म्हातारी सर्जापूर रोडवरच्या वॉर्डात आहे अशी कल्पना करा. परिचारिका बहुधा केरळच्या किंवा ईशान्येच्या, मावशी कन्नड बोलणाऱ्या, डॉक्टर इंग्रजीत विचारणारे. आजींना मराठी येतं, हिंदी मोडकंतोडकं, आणि भ्रमात दुसरी भाषा आधी जाते. चष्मा कपाटात ठेवलेला, कवळी डबीत, कानाचं यंत्र हरवू नये म्हणून मुलाने घरी नेलेलं. त्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, भोवती कोणी आपलं बोलत नाही. त्यांनी ओरडू नये तर काय करावं? अशा वेळी हात बांधणं किंवा झोपेचं इंजेक्शन देणं सोपं पडतं, आणि दोन्हींनी भ्रम लांबतो.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. शेरन इनोये यांनी नव्वदच्या दशकात यासाठी कार्यक्रमच आखला. प्रशिक्षित स्वयंसेवक रोज रुग्णाजवळ जाऊन तारीख-वार सांगतात, गप्पा मारतात, चष्मा लावून देतात, पाणी पाजतात, चालवतात, रात्री दिवे-आवाज कमी करून झोप लागू देतात. ८५२ वृद्ध रुग्णांच्या अभ्यासात भ्रम १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आला. तिकडे या कामासाठी माणसं शोधावी लागतात. आपल्याकडे खाटेशेजारी लेक, सून, भाचा बसलेलाच असतो, आणि आपण त्याला फक्त औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन फार्मसीत पळवतो. रुग्णालयाने त्याला पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसवून काय करायचं ते सांगितलं, तर हा उपचार जवळजवळ फुकट आहे. सर्जापूर रोडवरच्या आपल्या लोकांना तर मी स्पष्टच सांगेन: रात्री पाळीने थांबा, आणि आजींशी मराठीत बोलत राहा. मोबाइलवरच्या नातवंडांच्या व्हिडिओपेक्षा ते जास्त उपयोगी आहे.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात. हाडाची मान मोडली आणि सरकली असेल तर गोळा काढून धातूचा बसवतात, कधी पूर्ण सांधाच बदलतात. मानेच्या खालचा भाग मोडला असेल तर सळई किंवा पट्टी-स्क्रूने जोडतात. इम्प्लांट देशी की परदेशी यावर घरचे तासभर चर्चा करतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की दुसऱ्या दिवशी पूर्ण भार देऊन उभं राहता येईल अशा रीतीने हे बसवणार आहात का. म्हाताऱ्या माणसाला ‘अर्धा भार द्या’ सांगून उपयोग नसतो, त्याला तो मोजता येत नाही. एका पायावर उभा राहायला तो विशीतला नाही. ‘सहा आठवडे आराम’ हा सल्ला आपल्याकडे अजून प्रेमाने दिला जातो. पण या वयात आडवं राहिल्यावर काही दिवसांतच मांड्यांची ताकद ओसरू लागते आणि ती परत यायला महिने लागतात. उपाशी ठेवण्याचंही तसंच. यादीत शेवटचा नंबर असलेल्या आजी रात्री बारापासून दुसऱ्या दुपारपर्यंत ‘एनबीएम’ राहतात. खरं तर साधं पाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. वेदनेसाठी जांघेजवळ नस बधिर करणारं इंजेक्शन तातडीच्या विभागातच देता येतं. त्याने झोप आणणारी जड औषधं कमी लागतात, आणि भ्रमाचं एक कारण दाराशीच थांबतं.

यासाठी लागणारे वृद्धवैद्यकाचे डॉक्टर आहेत कुठे, असं कोणीही विचारेल. देशात या विषयाची एमडी पदवी चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ साली सुरू झाली. त्यानंतर जागा वाढल्या तरी म्हाताऱ्यांच्या संख्येपुढे त्या तुटपुंज्या आहेत. २०११ च्या जनगणनेतच साठीपुढचे दहा कोटींवर होते. सर्जापूर रोडवर मात्र परिस्थिती देशाच्या मानाने बरी आहे. सेंट जॉन्स हे बंगळुरूतलं जुनं वैद्यकीय महाविद्यालय याच रस्त्याच्या शहराकडच्या टोकाला आहे, आणि पुढे मोठ्या खाजगी साखळ्यांची रुग्णालयं आहेत. तज्ज्ञांची वाण इथे फारशी नाही. कमी आहे ती त्यांना एकाच वेळी एका खाटेपाशी आणणारी व्यवस्था.

माझ्या मते पदवीची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. औषधवैद्यकाचा एक डॉक्टर ठरवून नेमावा, साठीपुढचा खुबा मोडलेला प्रत्येक रुग्ण दाखल होताच त्याच्या आणि सर्जनच्या संयुक्त नावावर असावा, भूलतज्ज्ञाशी तीन पानांचा करार आधीच झालेला असावा, आणि तास मोजणारी एक परिचारिका असावी. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या हायलँड रुग्णालयाने २००४ च्या सुमारास असंच केंद्र उभं केलं, आणि तिथे रुग्ण लवकर ऑपरेशनला जाऊन लवकर घरी जाऊ लागले. म्हणजे हे रुग्णालयालाही परवडतं. आपल्याकडची अडचण अशी की विमा पैसे देतो ते ऑपरेशनचे आणि खोलीचे. गोळ्या बंद करणाऱ्या आणि नळी काढायला लावणाऱ्या डॉक्टरचे पैसे पॅकेजमध्ये दिसत नाहीत, म्हणून तो डॉक्टरही दिसत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजना सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, खुली केली आहे. त्या योजनेने खुब्याच्या पॅकेजला तासांची आणि संयुक्त देखरेखीची अट जोडली, तर खाजगी विमा कंपन्याही त्या वाटेने जातील.

राहिला डिस्चार्जनंतरचा भाग, आणि तिथे सर्वांत मोठी चूक होते. टाके निघतात, वॉकर येतो, न्हाणीघरात दांडी बसते, आणि डिस्चार्ज समरीत हाडांसाठी फक्त कॅल्शियमच्या गोळ्या लिहिलेल्या असतात. हाड ठिसूळ होतं म्हणून मोडलं, हे सगळे विसरतात. २००७ साली २१२७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशननंतर नव्वद दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक आम्लाचं वर्षातून एक सलाइन दिलं, तर नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूही २८ टक्क्यांनी कमी झाले. त्याआधी ‘डी’ जीवनसत्त्व भरून काढावं लागतं आणि किडनी तपासावी लागते, एवढंच. हे काम कोणाचं, यावरही उत्तर आहे. ग्लासगोत १९९९ साली एका परिचारिकेकडे हीच जबाबदारी दिली गेली: पन्नाशीपुढचा हाड मोडलेला कोणीही आला की त्याची हाडं तपासून औषध सुरू करून द्यायचं. आता ही पद्धत अनेक देशांत आहे.

ठिसूळ हाडाची पहिली सूचना खुबा देत नाही. ती बरीच वर्षं आधी येते, साठीच्या आसपास पडताना हात टेकल्यावर मोडलेल्या मनगटाच्या रूपात, किंवा कारण नसताना उंची कमी होऊन वाकलेल्या पाठीच्या रूपात. तुमच्या घरात असं मनगट मोडलेली, प्लास्टर निघाल्यावर ‘झालं बरं’ म्हणून पुन्हा कामाला लागलेली आई, मावशी किंवा काका असतील, तर त्यांची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी या महिन्यात करून घ्या. आणि त्यांच्या गोळ्यांची यादी, कोणती कशासाठी हे लिहून, पुण्यातल्या कपाटातून काढून तुमच्या फोनमध्ये ठेवा.